उगवतीचं दार

ओकी, आई! आपल्या भाषेतला हा नमस्कार तरी घे.

मी बरी आहे, गुडघाही आता दुखत नाही. रागात असलीस तरी हे शेवटपर्यंत वाच.

टेकडीवर आपल्या जुन्या लोकांच्या तंबूचं रिंगण सापडलं. कड दाबून धरणारे धोंडे अजून जागच्या जागी आहेत. आमच्या उत्खननाची प्रमुख कॅरल सरळ धोंडे ओलांडून आत गेली. माझा पाय उचलेना. उगवतीकडून वळसा घातला तर तिथे धोंड्यांत फट होती. तिथून शिरले आणि सवयीने डावीकडे, बायकांच्या बाजूला बसले.

कॅरल हसली. "कामाला आलीस की पाहुणी?"

"दार हे इथे होतं," मी म्हटलं. "आणि बायकांचं शिवणकाम इथे, माझ्या गुडघ्यापाशी चालायचं."

आपल्या रीतीप्रमाणे मातीला तंबाखू वाहून तिथेच खणलं. वीतभर खाली चामडं टोचायची हाडाची आरी निघाली, अगदी तुझ्या आरीसारखी. अंगठ्याच्या जागी झिजून गुळगुळीत झालेली. माझा अंगठा तिथे बरोबर बसला, आई.

बाबांचा खोकला कसा आहे?

तू म्हणाली होतीस, लोकांची घरं उकरतेस, माझ्या दारात येऊ नकोस. आज मी एकीच्या घरी गेले, पण दारातून गेले. रविवारी तुझ्या दारात उभी राहीन.

तुझीच हट्टी,
लोरेटा