पोचल्याचा फोन

आई, तुझा नातू आज सकाळी दिल्लीला गेला. विमानाने, नोकरीला. तू त्याला पाळण्यातलाच पाहिलास. आता दारातून वाकून बाहेर पडतो. त्याच्या हातावर दही घातलं, रिक्षा गोडदेवच्या नाक्यावरून वळेपर्यंत गॅलरीत उभी राहिले आणि आत येऊन सवयीने झाडू उचलला. उचलला आणि तसाच दाराआड ठेवून दिला. गेलेलं माणूस पोचल्याशिवाय घर झाडायचं नाही, हे तुझं शास्त्र. किती हसायचे मी त्याला.

मी पहिल्यांदा विमानात बसले ती ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी, दिल्लीलाच जाताना. आदल्या दिवशी खोबरं खवता खवता तू विचारलंस, "किती लांब गं?" मी ऐटीत म्हटलं, "हवेतून साडेअकराशे किलोमीटर. दोन तास फक्त." तुझा हात थांबला. "आपल्या रत्नागिरीच्या एसटीला अख्खी रात्र लागते, आणि दिल्ली दोन तासांत? बरं झालं बाई. जेवणाआधी केर काढून होईल."

ते दोन तास नुसते आकाशातले, हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. दहिसरचा नाका, विमानतळावर आधी जाऊन बसणं, उशिरा सुटलेलं विमान, तिकडे बॅगेसाठी ताटकळणं, मग टॅक्सी. एसटीडी बूथ सापडेतो संध्याकाळ. इकडे तू नारळाच्या शेंड्या, कांद्याच्या साली पायाने बाजूला सारत घरभर फिरतेयस. शेजारच्या गुजराती बेन विरजण मागायला येतात, जमिनीकडे बघतात. "आज झाडू नहीं लगाया?" तू कंबरेवर हात ठेवून सांगतेस, "कैसे लगाएगी? लडकी अभी हवा में है!" हे बेननीच मला नंतर हसत हसत सांगितलं. तुझे डोळे मात्र दिवसभर फोनवर होते म्हणाल्या. माझा फोन आला तेव्हा तुझी दिवाबत्ती झाली होती, आणि दिवे लागल्यावरही झाडायचं नाही. म्हणजे केर सकाळपर्यंत तिथेच.

"दोन तास म्हणालीस ना गं?"

"अगं, ते विमानाचे."

"मला विमानाचं काय करायचंय? तू कधी पोचणार ते सांगावं की नाही?" एवढं बोलून तू रडायलाच लागलीस.

आता मोबाईलवर विमान दिसतं. इवलंसं विमान राजस्थानावरून सरकताना मी पाहत बसले. अंतर तेवढंच, तासही तेच दोन. उतरल्याचा मेसेज आला, तरी मी उठले नाही. उतरलं ते विमान. शेवटी खोलीवरून त्याचा फोन आला. "आई, पोचलो. सामान टाकलं. झाड आता, आजीची परवानगी मिळाली." तुझी ही गोष्ट त्याला मीच सांगितलीय. मी हसले, फोन ठेवला आणि ओट्याला टेकून पोटभर रडले.

तुला नेलं त्या दिवशी, सगळे जेमतेम जिना उतरले असतील, काकूने झाडू हातात घेतला. "माणूस गेलं की लगेच झाडायचं असतं, बाळा." एरवी कुणी प्रवासाला निघालं की तू मला झाडूला हात का लावू द्यायची नाहीस, ते तेव्हा कळलं. मघाशी केर काढून झाला आणि हे लिहायला बसले. हे कुठे पाठवणार? राहील इथेच, टेबलाच्या खणात. पण एक तुला सांगायचं राहून गेलंय. काकूला मी तुझ्या कॉटखाली झाडू घालू दिला नव्हता. तुझा पोचल्याचा फोन आला नव्हता ना.