धूप वाहणारी देवी

रोम, नोव्हेंबरचा पहिला दिवस

चिरंजीव नेब्रिसला बाबांचा आशीर्वाद.

तू नि जावईबापू खुशाल असाल तर बरं, मीही आहे. लुग्दुनमला थंडी लवकर पडते म्हणे, पोटुशी आहेस, पाय गार पडू देऊ नकोस. हल्ली मी कोपऱ्यावरच्या खानावळीतून मसुराची आमटी आणतो. खारट असते, पण चालतं.

सम्राज्ञी वारल्याचं तिकडे कळलंच असेल. त्यांना देवीपद मिळालं, त्यामुळे टांकसाळीत मान वर करायला सवड नाही. चांदीच्या नाण्यावर एका बाजूला त्यांचा चेहरा. मागे कुठे त्यांना स्वर्गात नेणारा मोर, कुठे वेदीवर धूप वाहणारी भक्तिदेवी. मोर दुसऱ्यांकडे गेले. देवीचा ठसा मी कोरला.

पहिलं नाणं पाडलं, तसं ते उजेडात धरून आमचा मुकादम वेत्तिएनस ओरडला, "एपिगोनस, देवी लंगडते की काय रे? सगळा भार एकाच पायावर! आणि पदर कानामागं खोचलेली देवी कुठल्या देवळात पाहिलीस?"

सगळे हसले. त्यानं पुन्हा नाणं पाहिलं. सणासुदीला आपल्याकडे जेवलेला माणूस तो. जवळ येऊन हळूच म्हणाला, "ही त्रोफिमावहिनी ना? बऱ्या आहेत ना त्या?"

मला मान हलवता येईना.

बाळ, आई गेली. तापानं. सम्राज्ञींची अंत्ययात्रा निघाली त्याच आठवड्यात. सारं शहर शोकात होतं, पण आईच्या तिरडीमागं मी आणि वरच्या मजल्यावरची म्हातारी, बस. टांकसाळीत कुणाला सांगितलंच नव्हतं. बोललो की ते खरं होईल असं वाटायचं. तुलाही म्हणूनच इतके दिवस लिहिलं नाही.

ठसा घासून टाकायला लावतील, म्हणून तो परत घ्यायला मी हात पुढे केला. वेत्तिएनसनं ठसा दिला नाही. वरून विचारणा झाली तर त्याचीच नोकरी जायची. तरी घणवाल्याला म्हणाला, "देवी ठीक आहे. पाडा."

ही नाणी सैनिकांच्या पगारातून तुमच्या बाजारातही येतील. हातात आलं तर नीट बघ. गुडघा दुखायचा तेव्हा ती चुलीपाशी अशीच उभी राहायची.

ये म्हणत नाही. घाटात बर्फ असेल. रडशील तेव्हा जावईबापूंना जवळ बसवून घे. एकटी रडू नकोस. फार जड जातं.

इतकी वर्षं पत्राखाली आम्हा दोघांची नावं लिहायचो. आत्ताही हात तिथंच अडला.

तुझा,
एकटा एपिगोनस