रात्रभरात तीनच फोटो

अण्णा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि माझा तुमच्यावरचा संशय अजून गेलेला नाही. तुमच्या तोंडावर हे बोलायची माझी छाती झाली नसती.

आठवड्याची सुटी आली की तुम्ही गोडादऱ्याच्या आपल्या खोलीत अंगावरचा लूमच्या कारखान्यातला कापूस झटकायचात आणि तो जुना कॅमेरा बाहेर काढायचात. सायकलला कॅमेऱ्याचा स्टँड बांधून शहराबाहेर चलथाणकडे, उसाच्या शेतांत, ताऱ्यांचे फोटो काढायला निघायचात. इथल्या दिव्यांत आकाश दिसतंच कुठे, असं तुमचं म्हणणं. आईला ते कधीच पटलं नाही. किती फोटो काढले तो आकडा कॅमेऱ्यावर दिसतो, हे तिला कळलं होतं. तुम्ही निघण्याआधी आणि सकाळी तुम्ही झोपलात की तो आकडा बघायचं काम तिने माझ्याकडे दिलं. मी सांगते, सातचा दहा झालाय. स्टोव्हला पंप मारणारा तिचा हात थांबतो. "रातभरमा तीनच फोटू? बाकीना येळ कथा गया?" बाकीचा वेळ कुठे गेला, ते मलाही कळत नसे. एकदा तुम्ही मला आकडा बघताना पकडलंत. मारलं नाहीत. "आईला सांग, तारे घाईघाईत येत नसतात," एवढंच म्हणालात. कुणी विचारलं नसताना हा खुलासा कशाला? चोराच्या मनात चांदणं, असंच मला वाटलं. त्यात लॅबवाल्याने एक रोल कोरा निघाला म्हणून परत दिला, मग तर आईची खात्रीच पटली.

यंदाच्या थंडीत नवऱ्याला बरोबर घेऊन, तुमचाच कॅमेरा घेऊन मी चलथाणला गेले. एका फोटोसाठी तासभर शटर उघडं ठेवावं लागतं, हे तेव्हा कळलं. चंद्र मावळायची, ढग सरायची वाट बघणं धरलं तर रात्रीत तीन म्हणजे खूप झाले. मला माझीच लाज वाटली. घरी येऊन ट्रंकेतला तो कोरा रोल उजेडासमोर धरला, तर त्यावर केसाएवढ्या बारीक काळ्या रेषा होत्या. एक फोटो छापून आणला. वर सगळे तारे गोल फिरलेले. खाली साखर कारखान्याच्या उजेडासमोर, बांधावर बसलेल्या दोन आकृत्या. एक तुमची, वाकलेल्या खांद्यांची. दुसरीच्या डोक्यावर पदर.

एवढ्या वेळात जो हलतो तो फोटोत उमटत नाही, अण्णा. ती बाई तासभर तुमच्या शेजारी हलली नाही. आई तर तुमच्याबरोबर एकदाही आली नव्हती. शेताची राखण करणारी असेल, उजाडायची वाट बघत बसलेली कुणी असेल, अशी तुमच्या वतीने मीच कारणं शोधते, आणि एकही मला पटत नाही. हे लिहून झालं की फाडून टाकणार आहे. घरात राहिलं तर आई कुणाकडून तरी वाचून घेईल.

तिच्यासाठी मी वेगळी प्रत काढली, फक्त वरच्या आकाशाची, आणि अशा एका फोटोला तास लागतो हे तिला सांगितलं. तिने ती कितीतरी वेळ डोळ्यांजवळ धरली. "मी त्यासवर उगाच वहीम कया व माय," म्हणाली, आणि हार घातलेल्या तुमच्या फोटोपुढे डोकं टेकून, उगाच संशय घेतला म्हणून तिने तुमची माफी मागितली. मी शेजारीच उभी होते. मी तिला ती मागू दिली.