शाळा कुणाची आणि कॅन्टीन कुणाचं

गिरावीन, सिडनी
दिवाळीआधीचा शनिवार, २०२१

ती. लताताईला धाकट्या माधवचा लांबून, पण मास्क काढून केलेला नमस्कार.

तुझे गुडघे काय म्हणतात? दुसऱ्या डोसनंतर हात दुखला का, की नेहमीसारखं "मला काही झालं नाही" म्हणत दोन दिवस पडून राहिलीस? भावोजींचा खोकला कसा आहे? (इथे हल्ली कुणी खोकलं की लोक फोनसुद्धा कानापासून लांब धरतात.) आमच्याकडे सगळे ठीक. सारंग वरच्या खोलीतून बँकेची नोकरी करतो, म्हणजे दिवसभर भिंतीशी इंग्रजीत बोलतो. चित्रलेखा हॉस्पिटलच्या लॅबमधून येते ती थेट बाथरूममध्ये, आणि मगच आमच्या सुनेच्या भूमिकेत. स्पृहा पहिलीत आहे. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं उत्तम जमतं. माझी तब्येत ठणठणीत आहे, आणि तोच सगळ्या घराला त्रास आहे.

तीन महिन्यांसाठी आलेला माणूस मी. नात शाळेत जायला लागते, तिचा पहिला दिवस बघू आणि परत येऊ, एवढाच बेत होता. मग सीमा बंद झाल्या, विमानं बंद झाली, माझा व्हिसा वाढत गेला, आणि आता मी या घरातल्या फ्रीजइतकाच जुना झालोय. त्यात या हिवाळ्यातला लॉकडाऊन! पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, बागेतल्या बाकावर बसायचं नाही, आणि डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर. ज्या माणसाने सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून एका मॅनहोलच्या झाकणासाठी महापालिकेचे तीन मजले डोक्यावर घेतले, त्याने करायचं काय? घरामागच्या अंगणात कपडे वाळत घालायची एक फिरती छत्री आहे. तिच्याभोवती मी इतक्या फेऱ्या मारल्या की गवतात गोल वाट पडली. सारंग खिडकीतून म्हणाला, "बाबा, तिथे काही पेरायचंय का?"

तर या अवस्थेत ऑगस्टमध्ये सारंगने मला एक काम सांगितलं. स्पृहाच्या सरकारी शाळेत पालकांची एक संघटना आहे, तिला पी अँड सी म्हणतात. तिची सभा झूमवर होती आणि कोरम भरत नव्हता. सारंगचं त्याच वेळी ऑफिसचं काही तरी लाइव्ह जाणार होतं. तो म्हणाला, "बाबा, तुमचं नाव घातलंय मी सभासदांत. फक्त बसा. बोलू नका." त्यातलं बसण्याचं तेवढं मी पाळलं.

सभेत दहा-बारा चौकोन. अध्यक्ष राजीनामा देऊन क्वीन्सलँडला निघाले होते. नवीन कोण होणार असं प्रिन्सिपॉलबाईंनी विचारलं आणि शांतता पसरली. ताई, तू मला ओळखतेस. सभेतली शांतता मला सहन होत नाही. मी माइक चालू करून एवढंच म्हणालो, की घटनेनुसार आधी मागच्या सभेचं इतिवृत्त मंजूर झालं पाहिजे. सगळ्या चौकोनांचे चेहरे असे उजळले, जणू आभाळातून कुणी उतरलं. पाच मिनिटांत मी अध्यक्ष. मी म्हटलं, अहो, मी इथे राहत नाही, नुसता अडकलोय. प्रिन्सिपॉलबाई म्हणाल्या, "अडकलोय तर आम्ही सगळेच." माझं नाव कुणाला म्हणता येईना, म्हणून त्याच सभेत ते एकमताने "मॅडी" करण्यात आलं. अडुसष्टाव्या वर्षी मी मॅडी झालो.

आता, तू जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म घालवलास, तेव्हा तुला यातली मेख कळेल. आपल्याकडे छप्पर गळलं तर कुणाच्या दाराशी जाऊन बसायचं हे तरी ठाऊक असतं: सरपंच, नाही तर शिक्षण सभापती, नाही तर ज्याची जीप दिसेल तो. इथे शिक्षकांचे पगार राज्य सरकार देतं, त्यातला काही वाटा कॅनबेराहून, म्हणजे केंद्राकडून, येतो, आणि कुणी जास्त द्यायचा यावर दोन्ही सरकारं टीव्हीवर भांडतात. नगरपालिकेचा, म्हणजे काउन्सिलचा, शाळेशी काडीचा संबंध नाही. कुंपणाबाहेरचं गवत काउन्सिलचं, आतलं गवत राज्याचं. निवडून आलेलं शिक्षण मंडळ वगैरे प्रकारच नाही. पालकांकडून वर्गणी मागतात, पण ती खरोखर ऐच्छिक असते. (आपल्या गणपतीची ऐच्छिक वर्गणी न दिल्यास सकाळी स्कूटरची हवा गेलेली असते. इथे हवा जात नाही, त्यामुळे वर्गणीही येत नाही.) मग पुस्तकं, मैदानावर उन्हासाठी ताणलेलं कापड, असल्या वरच्या गोष्टींना पैसे कुठून? तर पी अँड सीकडून. आणि तिच्या हातात काय? गणवेशाचं दुकान, कॅन्टीन, आणि मतदानाच्या दिवशी शाळेच्या आवारात सॉसेज भाजून विकण्याचा मान. म्हणजे ज्याने जन्मात अंड्याला बोट लावलं नाही तो तुझा भाऊ सॉसेजखात्याचा प्रमुख झाला.

कॅन्टीन मात्र माझ्या जिव्हाळ्याचं होतं. ते डेब चालवते. (पूर्ण नाव डेबोरा, पण पूर्ण नावाने हाक मारली तर इथे लोकांना आपलं काही चुकलं असं वाटतं.) साठीची, आडव्या बांध्याची, आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाची मुलं रांगेत येतात. स्पृहा शाळेत गेली तेव्हा कित्येक दिवस तोंडातून शब्द काढेना. डेबने तिला गोठवलेल्या संत्र्याची फोड खिडकीतून दाखवायची आणि मागितल्याशिवाय द्यायची नाही, असं रोज करून बोलतं केलं. स्पृहाला सोडून मी घराकडे वळलो की मलाही खिडकीशी थांबवायची, कपात पिशवी बुडवलेलं काही तरी प्यायला द्यायची आणि विचारायची, "कसं चाललंय, मॅडी?" हो, नाव आधी तिनेच पाडलं होतं, सभेने नुसती मोहोर उठवली. या देशात माझ्याशी दिवसभरात कुणी मोठ्या माणसाने मारलेल्या गप्पा तेवढ्याच.

तर दुसऱ्याच सभेत आमचे खजिनदार यतिन यांनी ठराव मांडला, की कॅन्टीन बाहेरच्या कंपनीला द्यावं. यतिन नागपूरचा, विद्यार्थी म्हणून आला, आता पॅरामॅटात अकाउंटंट. सभेत मला "मिस्टर प्रेसिडेंट" म्हणतो आणि सभा संपल्यावर फोन करून "काका, समजून घ्या ना." त्याचंही चूक नव्हतं. कॅन्टीन बंद म्हणजे मिळकत बंद, पण डेब नोकरीला पी अँड सीकडे, शाळेकडे नव्हे. तिला सध्या सरकारचा लॉकडाऊन भत्ता मिळत होता, पण शाळा उघडल्यावर तिचा पगार, तिचा प्रॉव्हिडंट फंड, विमा, सगळं आमच्या डोक्यावर. कंपनी आली की डोकेदुखी गेली. मुलांनी ॲपवर ऑर्डर द्यायची, डबा वर्गात येणार. खिडकी बंद.

मी म्हटलं, काका समजून घेणार नाहीत. आणि लागलो कामाला. मला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सकाळी उठायला कारण मिळालं होतं. मागणी साधी: शाळा सरकारची आहे ना, मग कॅन्टीन सावरेपर्यंत डेबचा पगार सरकारने द्यावा. शाळांवर देखरेख करणाऱ्या डायरेक्टरना लिहिलं. त्यांनी कळवलं, भावना पोचल्या, पण हा विषय खात्याचा. राज्याच्या आमदारांनी कळवलं, असली मदत कॅनबेराकडे मागा. कॅनबेराच्या खासदारांनी कळवलं, शाळा हा राज्याचा विषय, आणि सोबत स्वतःचा हसरा फोटो असलेलं कार्ड पाठवलं. काउन्सिलने कळवलं, कुंपणाच्या आत आम्ही काही करू शकत नाही, आणि कचऱ्याच्या तीन रंगांच्या डब्यांचं माहितीपत्रक जोडलं. शेवटी थेट शिक्षणमंत्र्यांना लिहिलं, तेव्हा खात्याचं उत्तर आलं, अगदी सविस्तर, अगदी नम्र: कॅन्टीनबाबत सर्व निर्णय स्थानिक पी अँड सी घेते, तरी आपण कृपया तिच्या अध्यक्षांशी संपर्क साधावा. मी ते सारंगला वाचून दाखवलं. तो भिंतीशी बोलता बोलता थांबला, माइक बंद केला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

मग मी दुसरा मार्ग धरला. बागेत रोज तासभर फिरायची परवानगी होती. तिथे माझ्यासारखे अडकलेले आजी-आजोबा अंतर राखून ओरडून बोलत फिरायचे. गुंटूरचे एक रिटायर्ड इंजिनिअर, नडियादचं एक जोडपं, जालंधरच्या एक आजी, आणखी बरेच. सगळ्यांची नातवंडं याच शाळेत. मी फिरता फिरता सगळ्यांना सभासद करून घेतलं. नडियादचे काका म्हणाले, "भाईसाब, वोट किसको देना है, बस इतना बता दो." अशी सभासद नोंदणी मी सोसायटीतसुद्धा केली नव्हती.

मग लॉकडाऊन उठला, शाळा उघडली, आणि ठरावाची सभा परवा गुरुवारी झाली. झूमवर आजी-आजोबांची एवढी दाटी, की दोन पानं भरली. कुणाचं कपाळ दिसतंय, कुणाचा नुसता पंखा, कुणाच्या मागे कुकरची शिट्टी. यतिन घसा साफ करून म्हणाला, "मिस्टर प्रेसिडेंट, नियमानुसार नवीन सभासदांना मताचा अधिकार पुढच्या सभेपासून." ताई, मी नियम उघडून पाहिला. होता. सोसायटीत हाच नियम मी स्वतः घातला होता, आणि त्याच्या जोरावर दोन निवडणुका काढल्या होत्या. तेव्हा मान्य करावाच लागला. आतून मात्र असा पेटलो होतो की खुर्चीवर बसवेना. उभा राहिलो, तर कॅमेऱ्यात माझं पोट तेवढं दिसू लागलं.

मतदान सुरू होणार, तेवढ्यात एक चौकोन उघडला आणि त्यात डेब.

"मॅडी," ती म्हणाली, "मला जरा बोलू दे. मी मार्चपासून इथून निघायचं बघतेय."

कुकरसुद्धा थांबला.

तिला वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात नोकरी मिळाली होती. पगार जास्त, सुट्ट्यांतही चालू राहणारा, आणि बसने दहा मिनिटांवर. पुढच्या आठवड्यात रुजू व्हायचं होतं. "सांगणारच होते," ती म्हणाली, "पण हा माणूस मंत्र्यापर्यंत गेला. माझ्या तोंडातून शब्दच फुटेना."

मला तिचा राग आला, स्वतःचा आला, आणि त्याहून जास्त, उद्यापासून पुन्हा त्या छत्रीभोवती फिरायचं या कल्पनेचा आला. यतिन हळूच म्हणाला, "मग ठराव मंजूर धरायचा का?" तेव्हा जालंधरच्या आजी, ज्यांना माइक बंद करता येत नाही हे आम्हाला सगळ्यांना आधीच कळलं होतं, कडाडल्या, "क्यों? हम लोग मर गए हैं क्या?"

आणि मग ताई, जे झालं ते माझ्या अध्यक्षपदाच्या हाताबाहेरचं होतं. कुणी म्हणालं मी सँडविच करते, कुणी म्हणालं मी गल्ला बघतो, गुंटूरचे इंजिनिअर फ्रीजची तपासणी करायला निघालेच. शेवटी यतिननेच ठराव मागे घेतला. या वर्षअखेरपर्यंत खिडकी आठवड्यातून दोनदा उघडायची, दोन्ही डोस झालेल्या आजी-आजोबांनी ती चालवायची, खात्याच्या नियमाप्रमाणे तळलेलं काही ठेवायचं नाही, आणि नवीन वर्षी पुन्हा बघायचं. सभा संपल्यावर त्याचा फोन आला. मी तयारीतच होतो, पण तो म्हणाला, "काका, माझी आई नागपूरला एकटी आहे. ती इथे असती तर तिचंही नाव घातलं असतं."

काल डेब शाळेच्या फाटकाशी किल्ली द्यायला आली. मी विचारलं, एवढे दिवस मला पळवलंस, आधी का नाही सांगितलंस? तिने किल्ली माझ्या हातात ठेवली. मग म्हणाली, "घरात एकटी बसलेली असताना कुणी तरी माझ्यासाठी रोज भांडतंय, हे ऐकायला बरं वाटत होतं." मलाही भांडायला बरं वाटत होतं, पण हे इंग्रजीत नीट सांगता आलं नाही.

भावोजींना नमस्कार सांग. फराळाला माझ्या वाटणीची चकली खा.

तुझा,
माधव

ता. क. पानांच्या कोपऱ्यात दिसतोय तो अंगठा माझाच. पत्राचे फोटो या वेळी मी स्वतः काढून पाठवतोय, कारण पुढचा मजकूर सारंग आणि चित्रलेखाच्या दृष्टीस पडता कामा नये.

ता. क. २. मंगळवारी खिडकी उघडते. सभेच्या भरात मी जाहीर करून बसलो, की गरम पदार्थ अध्यक्ष स्वतः करतील. पोहे. (कमी तेलाचे पोहे नियमात बसतात, मी खात्याला विचारून घेतलं.) सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताई, मला पोहे येत नाहीत. मला काहीच येत नाही. नीला होती तोवर तिने ओट्याजवळ येऊ दिलं नाही, आणि ती गेल्यावर पद्माबाईंचा डबा लागला. उद्या दुपारी चित्रलेखा ड्युटीवर आणि सारंग स्पृहाला घेऊन पार्कात असेल, तेव्हा व्हिडिओ कॉल कर. तू तुझ्या ओट्यावर कर, मी बघून इथे करीन. कांदा कसा धरायचा इथपासून सांग. आणि भावोजींना शेजारी बसवू नकोस.

ता. क. ३. "मंद आच" म्हणजे कितवा आकडा, ते कुणाला तरी विचारून ठेव. इथल्या शेगडीला ज्योत नसते, ओट्यावर नुसती काळी काच असते. सकाळी सराव म्हणून तिच्यावर पाण्याचं पातेलं ठेवून मी बराच वेळ उभा होतो. शेवटी स्पृहा आली, बघून गेली, परत आली आणि म्हणाली, "आजोबा, दॅट्स द चॉपिंग बोर्ड."