त्या अस्तराचं मूळ

प्रिय माय,

उद्या नववीच्या वर्गात मला एक शब्द शिकवायचाय, अन् तो माझ्या तोंडातून निघत नाही. एपिथेलियम. कधीचा तो धडा पुढं ढकलून राहिले मी. पोरी विचारतात, "मॅडम, ऊतींचा धडा कधी घेता?" म्हणून आज तुला लिहायला बसले.

आठवतं का गं? तुझ्या घशाखाली घास उतरेना, तेव्हा नांदेडच्या डॉक्टरांनी हाच शब्द काढला. मी तुला मराठीत सांगितलं, अन्ननलिकेचं आतलं अस्तर खराब झालंय. तू लगेच म्हणालीस, "गोधडीला असतंय तसलं? मग फाटलं त शिवा की!" डॉक्टरसुद्धा हसले. मला मात्र तेव्हापासून त्या शब्दाचा राग येतो. त्यानंच तुला नेलं ना!

काल चिडून त्याचं मूळ शोधलं. ग्रीकमध्ये 'एपि' म्हणजे वर, अन् 'थेले' म्हणजे स्तनाचं बोंड. हॉलंडातल्या एका जुन्या वैद्यानं बोंडावरच्या पातळ कातडीसाठी हा शब्द केला. पुढं तोंड, घसा, आतडं, सगळ्यांच्या अस्तराला तेच नाव लागलं. माय, वाचून मी रडले गं!

अन् आपली काबरी शेळी आठवली. आपल्या गावी, साखऱ्यात, थंडी पडली की तिच्या सडांना भेगा पडायच्या. करडानं तोंड लावलं की लाथ मारायची. मी मलम आणलं तर केवढी ओरडलीस! "ते कडू करडाच्या तोंडात जाईन की! लोणी लाव." वर सगळ्या आळीसमोर टोमणा, "तू बी काही कमी चावली न्हाईस मला!" किती लाजायचे मी! आता कोण लाजवणार?

शेळीची एवढी काळजी, मग स्वतःचा घसा दुखून राहिला हे काहून लपवलंस? एकदा तरी बोलायचंस!

उद्या तो शब्द फळ्यावर मोठ्ठा लिहीन. अर्थ सांगताना पोरी खुदखुदतील, खुदखुदू देत. तो शब्द रागानं नाही उच्चारणार आता. तुझ्या दुखण्याच्या कितीतरी आधी तो तुझ्या दुधाजवळ होता, माझ्या ओठांजवळ होता. काबरीची नात व्यालीय. सकाळी आधी तिला लोणी लावीन, मग शाळेत जाईन.

तुला चावणारी,
तुझी सुमी