अण्णाच्या खिडकीखाली काय लावावं

३ नोव्हेंबर, सोमवार

साडेअकरा ते बारा वीस. एवढंच ऊन. सकाळी सातपासून दर तासाला बाहेर जाऊन बघितलं, तक्ता केला. एकतीस वर्षं तहसील कचेरीत काढली, तक्त्याशिवाय मला काही पटत नाही. बाकी दिवसभर शेजारच्या तीनमजली इमारतीची सावली. गुलाबाच्या काड्या झाल्या होत्या, उपटून टाकल्या.

आक्काताई म्हणाली, "बाई, ऊन काय पळून चाललंय व्हय? सारखं बघताय ते."

अण्णाचं करायला ती उचगावातून येते. तिला काय सांगणार? पलंगावर पडलेल्या माणसाला ती एक खिडकी. तिच्याखाली नुसती माती दिसू नये.

५ नोव्हेंबर

अण्णाला माझ्याकडे आणून आज दोन महिने. पक्षाघातानं डावा हात, डावा पाय गेलेला. वहिनी नाही. प्रसेनजीत, त्याचा मुलगा, नोकरीला बेंगळुरात. उरले मी, धाकटी बहीण, त्याची बायडी.

आईच्या जलदान विधीला, कोडोलीच्या घरात, सगळ्यांसमोर मी अण्णाला म्हणाले होते— तू वेळेवर दवाखान्यात नेलं असतंस तर आई आज असती. त्यानंतर अकरा वर्षं तो माझ्या दारात आला नाही. आला तो ॲम्ब्युलन्समधून.

जीभ जड आहे, पण बोलतो. आक्काताईशी. माझ्याशी नाही. खिडकीशी माझी खुर्ची, तिथून मी विचारते, "अण्णा, चहा घेणार?" तो तिच्याकडे तोंड करून सांगतो, "साखर कमी घाल." मी या घरात आहे की नाही?

८ नोव्हेंबर

वडगाव रस्त्याच्या नर्सरीत जाऊन आले. सयाजी म्हणून मालक आहे, तोंडाचा फटकळ. मोगरा मागितला.

"सावलीत मोगरा? पानं खायची हायत काय?"

मग जास्वंद म्हणाले.

"बाई, ऊन सांगताय पाऊण तास आणि झाडं मागताय माळावरची." मग जरा नरमला. "सोनटक्का न्या. ओल असली की झालं, सावलीत बेस येतोय. फूल मात्र पुढच्या पावसाळ्यात."

अण्णा पुढचा पावसाळा बघेल असं मी धरून चालत नाही. डॉक्टरही धरत नाहीत. नेच्याच्या दोन कुंड्या घेतल्या. रिक्षात मांडीवर धरून आणल्या, साडी चिखलाची.

९ नोव्हेंबर

नेचा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "अण्णा, हे लावू इथे?" त्यानं मान फिरवली. दुसरीकडे.

जेवला तेही तसंच. भाकरी खाल्ली, आमटी प्याला, खर्ड्याला बोट लावलं नाही. कोडोलीत खर्ड्याशिवाय घास उतरत नसे त्याला. आज मी वाटला होता म्हणून.

१० नोव्हेंबर

नेचा नको तर नको. मागच्या दारी ठेवला.

१५ नोव्हेंबर

अबोली आणली. उन्हावाचून फुलं थोडी येतील, पण येतील. स्वतः कुदळ मारली, खिडकीखाली तीन रोपं लावली. कोडोलीत आईसाठी अण्णानंच अबोली लावली होती, विहिरीच्या कडेला.

खुर्चीत बसून म्हणाले, "अबोली लावलीय, अण्णा. आईची."

तो पलीकडे उभ्या आक्काताईला म्हणाला, "म्हस व्याली का गं तुझी?"

तिला हसू आलं. मग माझं तोंड बघून तिनं पदर तोंडाला लावला. मी तिला बाहेर पाठवलं.

मग बोलले. आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं ते. "चुकलं माझं. आईच्या वेळचं."

तो उजवीकडच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिला. दारात कुणी नव्हतं. माझ्याकडे वळला नाही.

मग उठून कपडे वाळत घातले.

१८ नोव्हेंबर

प्रसेनजीतचा फोन. "आत्या, तुला किती त्रास द्यायचा? इथं एक चांगलं केंद्र आहे. रविवारी येऊन अण्णांना घेऊन जाऊ का?"

मी म्हणाले, ने.

फोन ठेवल्यावर कळलं, मी उभीच होते.

१९ नोव्हेंबर

आक्काताई म्हणाली, "बाई, जाऊ देऊ नका की. तुम्ही एकट्या काय करशीला?" तिला सांगितलं, आपलं काम कर.

२० नोव्हेंबर

सयाजीकडून सोनटक्क्याचे चार कंद आणून लावले, अबोलीच्या मागे. "आता पावसाळ्याची वाट बघणार म्हणा की," म्हणाला. रविवारनंतर ती खोली रिकामी. खिडकीतून कोण बघणार? तरी लावले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रवास झेपेल का ते बघायला प्रसेनजीतनं अनुजा नावाची फिजिओथेरपिस्ट पाठवली. तिनं अण्णासमोर बोटं धरली, पेन धरलं, दोन्ही बाजूंनी हाका मारल्या. मग मला म्हणाली, "मॅडम, पक्षाघातानं यांची डावी बाजूच पुसली गेलीय. तिकडचं काही त्यांच्या ध्यानातच येत नाही. तिकडून कुणी बोललं तरी ते उजवीकडेच शोधतात. तुम्ही कुठे बसता?"

हॉस्पिटलच्या कागदावर तशी एक ओळ होती. मी फक्त गोळ्यांच्या वेळांचा तक्ता केला होता.

ती गेल्यावर खिडकीशी, त्याच्या डाव्या बाजूला असलेली माझी खुर्ची उचलली, पलंगाला वळसा घालून उजवीकडे नेली, बसले. अण्णा बघत राहिला.

"बायडे," म्हणाला, "लई वाळलीयास की गं."