सणाला वेलिमिर आला तर

देसांका,

तुझ्या भावाबरोबर नदीवर मासे धरायला चाललोय, उद्या दुपारपर्यंत येतो. यंदा सणाला बाजारातला मासा नको. मला कारखान्यातून काढताना मिळालेले पैसे पिठाच्या डब्यामागे ठेवलेत. ते हिवाळ्याच्या जळणाचे, सणासाठी त्यांना हात लावायचा नाही. टीव्हीची केबल बंद करून आलोय. आई कुरकुरेल, तिला मी समजावतो.

पाहुणे कमी करू म्हणालीस. अगं, संत निकोलाच्या सणाला आपण कुणाला बोलावतच नाही, मग नको तरी कुणाला म्हणणार? येतील ते येतील. घेवडा जास्त भिजत घाल, म्हणजे झालं.

राहता राहिला वेलिमिर. त्याच्याच सहीने माझी नोकरी गेली, तरी दरवर्षीसारखा तो येणार. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, पण त्याला दारातून परत पाठवू नकोस. खिडकीजवळ बसव. त्या दिवशी यजमानाने बसायचं नसतं, त्यामुळे मी उभाच असेन. एकवीस वर्षं त्याच्यापुढे उभा राहिलो, आणखी एक दिवस राहीन. फक्त या वेळी घर माझं, आणि जेवणारा तो.

माझा काळा कोट तेवढा इस्त्री करून ठेव.

तिहोमिर